भागाकार बरोबर, रोध भलत्याचाच: एका रेंगाळणाऱ्या गीझरचं प्रकरण

मित्राच्या घरच्या गीझरची तक्रार साधी होती. २५ लिटरची टाकी, पाटीवर लिहिलेलं '२३० व्होल्ट, २००० वॅट'. पूर्वी टाकीभर पाणी तापून दिवा विझायला ३८-३९ मिनिटं लागायची, आता ४४ लागत होती. दोन वर्षांपूर्वी हाच गीझर मुख्य घरातून काढून मागच्या सुट्या खोलीत नेऊन बसवला होता. उशीर नेमका कधीपासून व्हायला लागला, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. "बंदच पडला असता तर बरं झालं असतं रे, निदान काय बिघडलंय ते तरी कळलं असतं," मित्र म्हणाला. माझ्याकडे मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं) आहे हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे बोलावणं मलाच आलं.

पुढे जे झालं त्यात एक चांगलं एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी आतली सळी, विनाकारण बदललं गेलं, तेही माझ्या शब्दावर. आकडेमोड चुकली असती तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. ती चुकली नव्हती, म्हणूनच सगळं आकड्यांसकट मांडतो आहे.

आधी पाण्याला विचारलं

मीटर लावण्याआधी एक गोष्ट बरी केली. टाकीत येणाऱ्या आणि तापून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान मोजलं: आत येताना २० अंश, थर्मोस्टॅटने तोडल्यावर ६० अंश. म्हणजे ४० अंशांची वाढ. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. २५ × ४१८६ × ४० = ४१,८६,००० ज्यूल. ४४ मिनिटांचे सेकंद २६४०. भागाकार केला की १५८६ येतात. सेकंदाला १५८६ ज्यूल, म्हणजेच १५८६ वॅट पाण्यात उतरत होते.

गीझरमध्ये शिरणारी विजेची शक्ती याहून थोडी जास्तच असणार, कारण टाकीचं लोखंडही तापतं आणि थोडी उष्णता अस्तरातून बाहेर निसटते. पण तो हिशेब फार तर शंभरेक वॅटचा. पाटीवरच्या २००० पर्यंत तरीही तीनशे वॅटची खोट उरत होती. तक्रार खरी होती.

मित्राचा संशय क्षारांवर. एलिमेंटवर पांढरं पुट चढलं की पाणी उशिरा तापतं, असं सगळेच म्हणतात. मला हे पटत नाही आणि त्याचं कारण या प्रकरणाच्या मुळाशी जाणारं आहे. एलिमेंट किती वॅट ओढणार हे त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवर आणि त्याच्या रोधावर (रेझिस्टन्सवर) ठरतं. भोवती क्षार आहेत की नाहीत याच्याशी त्याचा जवळजवळ संबंध नसतो. पुट चढलं तर उष्णतेला बाहेर पडायला अडचण होते, म्हणून एलिमेंट आतून जास्त तापतं आणि तेवढ्या तापलेल्या अवस्थेत तितकेच वॅट पाण्यात ढकलत राहतं. शेवटी ते त्या तापण्याने जळून जातं, हे खरं. पण जळेपर्यंत ते पाण्याला फारसा उशीर करत नाही. उशीर होतोय म्हणजे वॅटच कमी शिरत आहेत, आणि वॅट कमी का, हे व्होल्टेज आणि करंटच सांगू शकतात.

पहिली भेट

मी पोचलो तेव्हा पाणी आधीच तापून गेलं होतं आणि थर्मोस्टॅटने एलिमेंट तोडलं होतं. मी झाकण काढलं, सप्लायच्या टर्मिनलांवर मीटरच्या दोन टोकदार सळ्या टेकवल्या. २२९ व्होल्ट. वहीत लिहिले. मग गरम पाणी सोडून टाकीत गार पाणी भरू दिलं, एलिमेंट पुन्हा सुरू झालं, आणि एका वायरभोवती क्लॅम्प लावला: ७.९४ अँपिअर. (क्लॅम्प एकाच वायरभोवती लावायचा असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरले तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात आणि मीटर शून्य दाखवतं. ही चूक मी पूर्वी करून बसलोय, त्यामुळे निदान ती या वेळी झाली नाही.)

आता शाळेतलं गणित. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट: २२९ ÷ ७.९४ = २८.८४ ओहम. पाटीवरून निघणारा रोध किती? शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणून रोध म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले शक्ती. २३० चा वर्ग ५२,९००, भागिले २०००, उत्तर २६.४५ ओहम. असायला हवेत २६.४५, भरले २८.८४. नऊ टक्के जास्त.

निष्कर्ष हातात आयता आला. एलिमेंटच्या आतली निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार वर्षानुवर्षं तापून झिजली, बारीक झाली, रोध वाढला, शक्ती घटली. ऐकायला किती पटण्यासारखं! मी मित्राला सांगितलं, "एलिमेंट गेलंय."

त्याच वेळी दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी दोन्ही सोडून दिल्या. पहिली: २२९ × ७.९४ म्हणजे १८१८ वॅट, आणि पाणी तर १५८६ म्हणत होतं. २३२ वॅटची तफावत. टाकीचं अस्तर खराब झालं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. अस्तरातून एवढी गळती असती तर टाकीचा पत्रा बाहेरून हाताला चांगलाच गरम लागला असता. तो लागत नव्हता. दुसरी: अशा उपकरणांच्या मानकांत पाटीवरच्या शक्तीपेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी शक्ती चालते. १८०० वॅट धरले तर रोध २९.४ ओहम होतो. म्हणजे माझे २८.८४ खरे असते, तरी कारखान्यातून नुकतं निघालेलं एलिमेंटही तेवढ्या रोधाचं असू शकलं असतं. पुरावा म्हणून तो आकडा तसाही लंगडाच होता.

वायरमनने नवं एलिमेंट बसवलं. करंट ७.९३ अँपिअर. पाणी तापायला ४४ मिनिटं.

टेबलावरचं जुनं एलिमेंट

काढलेलं एलिमेंट मी घरी आणलं आणि मीटर ओहमवर लावून मोजलं. २६.३. सळ्या एकमेकींना टेकवल्या तर ०.२, तेवढे वजा जाता २६.१ ओहम. झिजलेलं म्हणून काढलेलं एलिमेंट पाटीबरहुकूम निघालं.

इथे एक शंका रास्त आहे. गार असताना मोजलेला रोध तापल्यावर बदलत नाही का? बदलतो, पण धातूधातूंत फरक आहे. निक्रोमचा रोध तापल्यावर जेमतेम काही टक्के वाढतो, म्हणूनच ते या कामाला निवडतात. जुन्या पद्धतीच्या पिवळ्या दिव्याची गोष्ट निराळी. २३० व्होल्ट, १०० वॅटचा तो दिवा पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो, आणि विझलेला असताना मीटरवर चाळीसेक ओहमच दाखवतो, कारण टंगस्टनचा रोध पांढराशुभ्र तापेपर्यंत दहा-बारा पटींनी वाढतो. गार दिव्याच्या ओहमवरून वॅट काढायला गेलात तर तेराशे वॅटचा दिवा सापडेल. गीझरच्या एलिमेंटला मात्र ही सूट नव्हती. २६.१ चे तापून २६.५ होतील, २८.८४ होणार नाहीत.

मग २८.८४ हा आकडा आला कुठून? मीटर दोन्ही ठीक होते, भागाकारही ठीक होता.

कुणाचा रोध?

दुसऱ्या भेटीत पाणी तापत असतानाच त्याच टर्मिनलांवर सळ्या टेकवल्या. मीटरने दाखवलं २१०.३ व्होल्ट. तेच मीटर, तीच टर्मिनलं, आणि आधीच्या भेटीत तिथेच २२९ होते. फरक एवढाच की तेव्हा करंट वाहत नव्हता.

२१०.३ ÷ ७.९४ = २६.५ ओहम. एलिमेंट ठणठणीत. २१०.३ × ७.९४ = १६७० वॅट. पाण्याच्या १५८६ शी मेळ बसला. मधले ८४ वॅट टाकीच्या लोखंडाचे आणि अस्तराचे. पाटीच्या तुलनेत व्होल्टेज ८.६ टक्क्यांनी कमी, पण शक्ती साडेसोळा टक्क्यांनी कमी, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. व्होल्टेज घटलं की करंटही घटतो, आणि गुणाकारात दोघांचीही घट लागते.

पहिल्या भेटीत मी करंट वाहत नसतानाचं व्होल्टेज घेतलं आणि वाहत असतानाचा करंट. दोन वेगवेगळ्या क्षणांचे आकडे एकमेकांत भागले. तरी उत्तर निरर्थक नव्हतं, आणि मला या प्रकरणात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. बिनलोडचे २२९ व्होल्ट म्हणजे सबंध मंडलाला (सर्किटला) मिळणारा दाब. त्याला करंटने भागलं की सबंध मंडलाचा रोध मिळतो: बाहेरून येणारी लाइन, घरातली वायर, मधले जोड आणि शेवटी एलिमेंट, सगळ्यांची बेरीज. २८.८४ ओहम हे या पूर्ण फेरीचं खरंखुरं माप होतं. मी ते एकट्या एलिमेंटच्या नावावर मांडलं.

या चुकीला थोर पूर्वज आहे. गेऑर्ग झिमोन ओहमने १८२५ साली वेगवेगळ्या लांबीच्या तारांवर प्रयोग केले ते व्होल्टाच्या घटांवर. करंट ओढला की त्या घटांचा दाब ढळायचा, आणि त्याला जे सूत्र मिळालं ते चुकीचं निघालं. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्याने घटांऐवजी तांबं आणि बिस्मथ यांची जोडी घेतली, तिचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. त्या तापमानांच्या फरकातून मिळणारा दाब अगदी चिमुकला, पण स्थिर. १८२६ मध्ये त्याच्या हाती जे सूत्र लागलं त्यात छेदात दोन पदं होती: एक तपासायच्या तारेचं आणि दुसरं उरलेल्या सगळ्या मंडलाचं. १८२७ मध्ये त्याने हा नियम सविस्तर मांडला. आपण पाठ करताना ते दुसरं पद गाळून टाकतो, कारण पुस्तकातल्या आकृतीत बॅटरी आदर्श असते आणि तारांना रोध नसतो. मित्राच्या गीझरमध्ये ते गाळलेलं पद २.३५ ओहमचं होतं.

अठरा व्होल्ट गेले कुठे

२२९ उणे २१०.३ म्हणजे १८.७ व्होल्ट वाटेत सांडत होते. वाट अशी: घराच्या मुख्य बोर्डापासून मागच्या खोलीपर्यंत ४० मीटर केबल, खोलीच्या भिंतीवर एक जंक्शन बॉक्स, तिथून हातभर वायर गीझरपर्यंत. इथून पुढे वायरमन सोबत होता आणि चालू लाइनवरची मापं त्यानेच घेतली. प्रत्येक वेळी मेन बंद करून झाकण उघडायचं, सळ्या पक्क्या अडकवायच्या, मग मेन चालू करून लांबून आकडा वाचायचा. उघड्या फेजजवळ हात नेऊन वाचन घेण्यापेक्षा हा उशीर परवडला.

गीझर चालू असतानाचे आकडे:

मुख्य बोर्डावर २२६.२ व्होल्ट
जंक्शन बॉक्समध्ये आत येणाऱ्या बाजूला २१४.७ व्होल्ट
बॉक्समधून बाहेर जाणाऱ्या बाजूला २१०.३ व्होल्ट
करंट सगळीकडे ७.९४ अँपिअर

शेवटची ओळ मुद्दाम लिहिली आहे. एकामागोमाग एक जोडलेल्या वाटेत करंट कुठेही मोजा, तेवढाच भरतो. वाटेत तो खर्च होत नाही. खर्च होतं ते व्होल्टेज, आणि ज्या टप्प्यात जितकं व्होल्टेज खर्च झालं त्याला करंटने भागलं की त्या टप्प्याचा रोध, गुणलं की त्या टप्प्यात जळणारी शक्ती. एका क्लॅम्प मीटरच्या आकड्यावर अख्ख्या वाटेचा ताळेबंद निघतो.

बोर्डाच्या अलीकडे गेलेले २.८ व्होल्ट हे बाहेरून येणाऱ्या लाइनचे. त्यावर आपला इलाज नाही आणि तेवढं साहजिकही आहे.

केबलमध्ये ११.५ व्होल्ट. रोध ११.५ ÷ ७.९४ = १.४५ ओहम. हा आकडा तपासता येतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तांब्याचा रोध २० अंशांना ०.०१७२ ओहम असतो. केबल ४० मीटरची, पण करंट जातो आणि परत येतो, म्हणून तार ८० मीटर. (हे दुप्पट करायला भले भले विसरतात.) केबलवर छापलं होतं एक चौरस मिलिमीटर. ८० × ०.०१७२ = १.३८ ओहम. मोजलेला १.४५ त्याहून पाच टक्के जास्त, कारण तार थोडी तापली होती. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, तेव्हा पाच टक्के म्हणजे तेरा-चौदा अंश. तार साधारण ३३ अंशांवर असणार. केबलला हात लावला तर जेमतेम कोमट लागत होती. हिशेब आणि हात यांचं एकमत झालं की मला फार बरं वाटतं. शक्ती: ११.५ × ७.९४ = ९१ वॅट.

दोन हजार वॅटचा गीझर चाळीस मीटरवर नेताना एक चौरस मिलिमीटरची केबल टाकणं हा शुद्ध आळस होता; जवळ होती ती वापरली, एवढंच त्यामागचं कारण.

उरले जंक्शन बॉक्समधले ४.४ व्होल्ट.

४.४ व्होल्ट

आधी या आकड्याचीच शंका घ्यायला हवी. २१४.७ मधून २१०.३ वजा करून तो आला. साध्या मीटरच्या मापात एखादा टक्का इकडेतिकडे होतोच, म्हणजे दोनशेवर दोन व्होल्ट. शिवाय एक वाचन घेऊन दुसरं घेईपर्यंत लाइनचं व्होल्टेजही हलतं. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून निघालेला छोटा आकडा असा डळमळीत असतो. खरं उत्तर दोन असेल किंवा सातही. म्हणून वायरमनने मीटरच्या दोन्ही सळ्या फेज आणि न्यूट्रलमध्ये न लावता एकाच न्यूट्रल वायरवर, जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे, अडकवल्या. आता मीटर थेट जोडावर पडणारं व्होल्टेजच दाखवणार होतं. गीझर चालू केला: ४.४. फेजच्या जोडावर असंच मोजलं तर जवळपास काहीच नाही. चोर न्यूट्रलमध्ये होता.

४.४ ÷ ७.९४ = ०.५५ ओहम. अर्ध्या ओहमचा जोड. ओहमवर लावलेल्या मीटरने हे सापडलं असतं का? मला तरी भरवसा नाही. मीटरच्या सळ्या-वायरींचाच रोध ०.२ ओहम, आणि ओहम मोजताना मीटर जोडातून अगदी किरकोळ करंट सोडतं. तेवढ्याला ढिला जोडही निमूट वाट देतो. जोडाची परीक्षा त्याच्यातून आठ अँपिअर वाहत असतानाच होते. करंट एका वाटेने आणि व्होल्टेज मोजणाऱ्या सळ्या वेगळ्या जागी, या युक्तीला केल्विनची पद्धत म्हणतात. प्रयोगशाळेत ओहमचे हजारावे भाग अशाच मोजले जातात. आम्ही भिंतीवरच्या डब्यात तेच केलं.

आणि शक्ती: ४.४ × ७.९४ = ३५ वॅट. केबलच्या ९१ वॅटपुढे हे किरकोळ वाटतं. पण ते ९१ वॅट ८० मीटर तारेत वाटलेले होते, मीटरला एक वॅटच्या थोडे वर. हे ३५ वॅट बोटाच्या पेराएवढ्या जागेत. डाग देण्याच्या छोट्या सोल्डरिंग आयर्नमध्ये तेवढेच वॅट असतात, आणि त्याचं टोक कथील वितळवतं. डब्याचं झाकण काढल्यावर न्यूट्रलचं इन्सुलेशन तपकिरी होऊन तडकलेलं दिसलं. पिळून टेप गुंडाळलेला जोड होता. टेपचा गोंद केव्हाच सुकून गेला होता.

या ३५ वॅटपुढे सहा मिनिटांच्या उशिराची तक्रार मला अचानक क्षुल्लक वाटायला लागली.

रोध वाढला की शक्ती वाढते की घटते?

मित्राने इथे जो प्रश्न विचारला तो विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही हमखास अडवतो. "एलिमेंटचा रोध वाढला तर वॅट कमी होतात म्हणालास. मग जोडाचा रोध वाढला तर वॅट जास्त कसे?"

दोन्ही सूत्रं एकाच गुणाकारातून येतात. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. त्यात करंटच्या जागी 'व्होल्टेज भागिले रोध' घातलं तर व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. व्होल्टेजच्या जागी 'करंट गुणिले रोध' घातलं तर करंटचा वर्ग गुणिले रोध. पहिल्यात रोध छेदात, दुसऱ्यात अंशात. (दुसरं रूप, उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे, जेम्स जूलने प्रयोगाने दाखवून १८४१ मध्ये प्रसिद्ध केलं.) दोन्ही नेहमीच खरी असतात. पण रोध बदलल्यावर काय होईल हे विचारायचं असेल, तर त्या वेळी दुसरं काय स्थिर राहतंय हे आधी पाहावं लागतं.

एलिमेंट हा मंडलातला दांडगा गडी: २८.८४ पैकी २६.५ ओहम त्याचे. त्याच्यावर जवळजवळ सगळं व्होल्टेज पडतं आणि ते फारसं हलत नाही. त्याचा रोध वाढला तर करंट घटतो, शक्ती घटते. जोड हा चिल्लर. त्याच्यातून किती करंट जाणार हे तो ठरवत नाही, एलिमेंट ठरवतं. त्याच्या बाबतीत स्थिर असतो तो करंट, आणि म्हणून त्याचा रोध वाढला की त्याच्यातली उष्णता वाढते.

आकडे घालून पाहू. जोड सोडून बाकी मंडल २८.३ ओहमचं. जोड ०.५५ चा असताना करंट ७.९४ आणि जोडात ३५ वॅट. जोड बिघडत जाऊन १ ओहमचा झाला तर करंट २२९ ÷ २९.३ = ७.८२, जोडात ६१ वॅट. २ ओहम झाला तर करंट ७.५६, आणि जोडात ११४ वॅट. करंट पाच टक्क्यांनी उतरला, जोडातली उष्णता तिपटीहून वर गेली. आणि तो बिघडत जातोच, कारण तापला की पसरतो, निवला की आक्रसतो, दर वेळी थोडा सैल होतो, पृष्ठभागावर ऑक्साइड चढतं, टेकणारी जागा कमी होते, मग आणखी तापतो.

"एमसीबी का पडला नाही?" हा पुढचा प्रश्न. कारण एमसीबीला फक्त करंट कळतो, तो प्रमाणाबाहेर वाढला तरच तो पडतो. इथे करंट कमी झाला होता. जोड जितका वाईट, तितका एमसीबी निश्चिंत. जमिनीकडे होणारी गळती पकडणारं यंत्रही काही बोलणार नव्हतं, कारण फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत येत होता. डबा पेटला असता तरी सुरुवातीला दोघांनाही पत्ता लागला नसता.

वीजमीटरची साक्ष

जाता जाता एक पडताळा. घरच्या डिजिटल वीजमीटरवर '१६०० पल्स प्रति युनिट' लिहिलेलं होतं. एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल, म्हणून लाल दिव्याच्या प्रत्येक लुकलुकीमागे २२५० ज्यूल. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गीझर चालू ठेवला आणि घड्याळ लावून शंभर लुकलुकी मोजल्या: १२५ सेकंद. २,२५,००० ÷ १२५ = १८०० वॅट. बोर्डावरच्या मापांवरून २२६.२ × ७.९४ = १७९६. गीझरला १६७० मिळत होते, मधले १२६ वॅट म्हणजे केबलचे ९१ आणि जोडाचे ३५. मापं तीन वेगवेगळ्या वाटांनी घेतली आणि तिन्ही जुळली.

व्होल्टेज गुणिले करंट हा हिशेब इतका सरळ लागला, कारण गीझर निव्वळ रोधाचा आहे. पंपाच्या मोटरवर किंवा पंख्यावर हेच केलं असतं तर गुणाकार वॅटपेक्षा जास्त भरला असता. तिथे करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकाराचा किती हिस्सा खरे वॅट आहेत ते प्रमाण, लावावा लागतो. तिथे भागाकाराने निघालेल्या आकड्यालाही नुसता रोध म्हणता येत नाही.

दुरुस्ती

केबल चार चौरस मिलिमीटरची टाकली, जोड पिळायचा सोडून स्क्रूच्या पितळी कनेक्टरमध्ये घट्ट आवळला. चालू असताना मोजलं: गीझरवर २२३.१ व्होल्ट, करंट ८.४२ अँपिअर, एलिमेंटचा रोध २६.५ ओहम, शक्ती १८७८ वॅट. केबलमध्ये आता २.९ व्होल्ट आणि २४ वॅट. जोडावर व्होल्टचा दहावा हिस्सासुद्धा नाही, म्हणजे एक वॅटही नाही. पाणी ३९ मिनिटांत तापलं.

"दोन हजार अजून नाहीच झाले," मित्र म्हणाला. होणारही नाहीत, पाटीवरचे दोन हजार २३० व्होल्टला आहेत, आणि त्या टर्मिनलांवर २३० कधीच पोचत नव्हते, गीझर मुख्य घरात होता तेव्हाही नाही.

झाकण बंद करण्याआधी मी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलं: '२२३ व्होल्ट, ८.४२ अँपिअर'. वायरमनने ते वाचलं, माझ्या हातातून मार्कर घेतला आणि खाली आणखी दोन शब्द घातले: 'चालू असताना'.